छोट्या कॉलेजात मुलांचा आणि मुलींचा गोल्फ संघ एकत्र चालवताना

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत गोल्फचा कोच बहुतेकदा एकच असतो आणि संघ दोन: मुलांचा आणि मुलींचा. कधी तो गणिताचा प्राध्यापक असतो, कधी गावातल्या क्लबचा निवृत्त प्रो, कधी नुकताच पदवीधर झालेला माजी खेळाडू. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकीही कुणाकुणाकडे हे काम चालून येतं, आधी सहायक म्हणून आणि मग अचानक पूर्ण जबाबदारीने. गोल्फ येत असला तरी या कामाचा तीन चतुर्थांश भाग स्विंगशी संबंधित नसतो. तो असतो माणसं मोजण्याचा, तारखा जुळवण्याचा आणि दोन्ही संघांना सारखं वागवण्याचा. पहिल्या वर्षी माणूस अडखळतो तो इथेच, म्हणून हा लेख बहुतेक त्याच भागाबद्दल आहे.

पहिला आठवडा: आपण कुठल्या चौकटीत आहोत?

कॉलेज कुठल्या संघटनेत आहे ते आधी पाहा. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिच्या डिव्हिजन तीनमध्ये चारशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मदत मिळते ती घरच्या गरजेनुसार किंवा अभ्यासातल्या गुणांवर, आणि त्या निर्णयात कोचने बोट घालायचं नाही. डिव्हिजन दोनमध्ये मुलांच्या गोल्फसाठी ३.६ आणि मुलींच्या गोल्फसाठी ५.४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे. त्या अख्ख्या द्यायच्या नसतात, तुकडे करून वाटल्या जातात. एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी एक संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं यांचे नियम आणखी वेगळे. पुढचं सगळं प्रामुख्याने डिव्हिजन तीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण ‘छोटं कॉलेज’ म्हटलं की बहुतेक तेच असतं.

त्याच आठवड्यात कम्प्लायन्स, म्हणजे संघटनेचे नियम पाळले जाताहेत का हे, सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे तासभर बसा आणि चार गोष्टी लिहून घ्या: हंगामात सरावाचे किती दिवस वापरता येतात, हंगामाबाहेर कोचला काय करता येत नाही, भावी खेळाडूशी कधी आणि कुठे बोलता येतं, आणि खेळाडू पात्र राहण्यासाठी किती क्रेडिट लागतात. (शेवटच्याचं उत्तर साधारण बारा क्रेडिटचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असं येईल. सत्राच्या मध्यावर कुणी एक विषय सोडला आणि आकडा नऊवर आला, तर तो खेळाडू त्या दिवसापासून बाद. विषय सोडण्याआधी मला सांगा, हे संघाला पहिल्याच बैठकीत बजावा.)

पाचांतले चार: सगळं काम या गणितावर उभं आहे

गोल्फमध्ये जितके कमी फटके (स्ट्रोक) तितका चांगला स्कोअर. कॉलेज गोल्फमध्ये प्रत्येक संघाचे पाच जण खेळतात आणि दर फेरीत त्यांतले सर्वांत कमी चार स्कोअर धरले जातात. मुलांच्या संघाने ७४, ७७, ७९, ८२ आणि ९१ मारले तर संघाचा स्कोअर ३१२. ९१ सुटला.

आता जरा बारकाईने बघा. ७४ मारणाऱ्याला ७२ वर आणायचं तर वर्षभर घाम गाळावा लागतो आणि हाती लागतात दोन स्ट्रोक. ८२ वाल्याला ७८ वर आणणं त्या मानाने सोपं असतं: एखादा तीन-पुट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तीन फटके लागणं) कमी, एखादी पेनल्टी (दंडाचा जादा फटका) कमी, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) एका फटक्यात बाहेर. हाती लागतात चार स्ट्रोक, आणि तीन फेऱ्यांच्या स्पर्धेत बारा. नवा कोच पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूमागे धावतो, कारण त्याचा शॉट बघायला मजा येते. छोट्या कॉलेजात मात्र संघ वर सरकतो तो चौथ्या-पाचव्या खेळाडूच्या जोरावर. तुमचे सरावाचे तास त्या हिशोबाने वाटा.

पाचवा स्कोअर म्हणजे विमा. कुणाला ताप येतो, कुणी चुकीचं स्कोअरकार्ड देऊन बाद होतो, कुणाचा प्रयोगशाळेचा तास चुकवता येत नाही. चारच खेळाडू असतील तर चारही स्कोअर धरावेच लागतात. आणि तीनच उरले तर संघाचा स्कोअर निघत नाही, ते तिघे वैयक्तिक म्हणून खेळतात.

मुलींचा संघ आधी भरा

मुलांच्या निवडीला दहा-बारा जण आपण होऊन येतात. मुलींच्या बाजूला चार-पाच. म्हणून छोट्या कॉलेजात मुलींच्या संघाचा सगळ्यात मोठा शत्रू कोर्स नव्हे, पटावरची संख्या असते. एक उदाहरण: चार मुलींनी ८४, ८८, ९५, ११२ मारले, संघ ३७९. पाचवी मुलगी असती आणि तिने अगदी १०४ मारले असते, तरी संघ ३७१ वर आला असता. शंभराच्या वर खेळणाऱ्या मुलीने संघाला आठ स्ट्रोक मिळवून दिले. ‘ती अजून तयार नाही’ म्हणून तिला घरी ठेवणारा कोच हे आठ स्ट्रोक फुकट घालवतो.

मुलींच्या पटावर निदान सात जणी हव्यात. पाच खेळायला, एक परदेशी सत्रासाठी बाहेर गेलेली, एक दुखापतीतून सावरणारी. गणित बरोबर सातवर येतं. मुली मिळवायच्या तीन वाटा. पहिली, शालेय स्पर्धांमधून. इथे एक सापळा आहे: अमेरिकेत शाळांचे बरेच सामने नऊच होलचे असतात. ‘माझी सरासरी ४२’ म्हणजे अठरा होलला ८४ असं समजू नका. ओळखीच्या मैदानावर, आखूड अंतरावरून, शेवटच्या नऊ होलचा थकवा न येता आलेला तो आकडा असतो. अठरा होलच्या स्पर्धांचे निदान पाच स्कोअर मागा, प्रत्येकासोबत कोर्सची यार्डात लांबी. आणि सगळ्यात चांगली फेरी नव्हे, सगळ्यात वाईट दोन फेऱ्या बघा. त्या सांगतात की गडबड झाल्यावर मुलगी किती खोलात जाते.

दुसरी वाट कॉलेजातच असते. सॉफ्टबॉल किंवा आइस हॉकी खेळलेल्या मुलीला चेंडू मारण्याची लय असतेच. पहिल्या वर्षी ११०, दुसऱ्या वर्षी ९५ हा प्रवास अशा मुली करतात. तिला गोल्फचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) उधार द्या, पेरणी ऑगस्टमध्ये करा आणि फळाची वाट पुढच्या वसंतापर्यंत बघा. तिसरी वाट प्रवेश कार्यालयाची: अर्जात गोल्फवर खूण केलेल्या सगळ्या मुलींची यादी दर महिन्याला मागून घ्या. मागितल्याशिवाय ती येत नाही.

भरतीसाठी पैशांचा प्रश्न पालकांकडून पहिल्याच फोनवर येतो. डिव्हिजन तीनमध्ये उत्तर एकच: ‘मी आकडा सांगू शकत नाही, पण मदत कार्यालयाकडून आधी अंदाज काढून देता येईल.’ दहावी-अकरावीचे गुणपत्रक उन्हाळ्यात प्रवेश कार्यालयाला दाखवून ‘ही मुलगी बसेल का’ एवढं विचारून घेण्याची पद्धत बऱ्याच कॉलेजांत आहे. ती वापरा. नाहीतर जानेवारीत कळतं की जिच्यामागे सहा महिने घालवले तिला प्रवेशच मिळणार नव्हता.

टायटल नाइन: रोजच्या कामात ते कुठे दिसतं

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकेचा १९७२ चा हा कायदा लोकांना फक्त संघांच्या संख्येबद्दल वाटतो. दोन्ही संघांच्या कोचला तो रोज भेटतो. साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास आणि जेवणाचा भत्ता, कपडे बदलायची जागा, प्रसिद्धी, कोचचा वेळ, भरतीसाठीचा खर्च, सगळ्यांत समान वागणूक लागते. प्रत्येक गोष्ट डॉलरला डॉलर सारखी असावी असं नाही, पण एकूण वागणुकीत तराजू कलता कामा नये.

चूक बहुधा वाईट हेतूने होत नाही. मुलांना मंगळवार ते शुक्रवार तीनचा टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ), मुलींना साडेचारचा, ‘कारण त्या कमी आहेत’. ऑक्टोबरात साडेचारला निघालेली मुलगी अंधारात चौदाव्या होलवर असते. किंवा मुलांच्या संघाला माजी विद्यार्थ्याने नवे बॅग दिले, मुली जुन्याच बॅग ओढताहेत. देणगी बाहेरून आली म्हणून कॉलेजची जबाबदारी संपत नाही. उपाय साधा आहे: एक तक्ता करा, दोन रकाने, मुलं आणि मुली. चेंडू, टी-टाइम, मुक्कामाच्या रात्री, सहली, कोच सोबत होता ते दिवस. दर महिन्याला भरा. आठवडे आलटूनपालटून पहिला टी-टाइम द्या. सहायकाला कायम मुलींकडे आणि स्वतः कायम मुलांकडे, असं कधीही करू नका. मुली हे दुसऱ्याच आठवड्यात ओळखतात.

मैदानाशी करार

छोट्या कॉलेजाचं स्वतःचं मैदान क्वचित असतं. जवळचा क्लब किंवा नगरपालिकेचं मैदान यांच्याशी बोलावं लागतं, आणि तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की हवेत विरतं. एका पानावर लिहून घ्या: आठवड्याचे कुठले दिवस, कुठल्या वेळा, किती टी-टाइम, रेंजचे (सरावासाठी चेंडू मारायच्या जागेचे) चेंडू मोफत की बादलीमागे पैसे, चिपिंग ग्रीन (जवळच्या छोट्या फटक्यांच्या सरावाची हिरवळ) आणि सरावाचा बंकर वापरायला मिळेल का, बॅग ठेवायला कुलपाची खोली, कोचसाठी एक कार्ट, वर्षातून एक दिवस स्पर्धेसाठी पूर्ण मैदान.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या, ज्या नवीन माणूस विसरतो. एक, ग्रीनला भोकं पाडून हवा देण्याच्या तारखा. त्यानंतर दहा-पंधरा दिवस ग्रीन वाळूने माखलेलं आणि खडबडीत असतं, त्या आठवड्यात निवड फेऱ्या ठेवल्या तर पुटिंगचा स्कोअर निरर्थक. दोन, सभासदांच्या संध्याकाळच्या लीगचा वार. त्या दिवशी तुमचा संघ साडेतीनच्या आत शेवटच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) निघालेला असला पाहिजे.

सभासदांची तक्रार कधी येते? संघ सावकाश खेळतो, ग्रीनवरच्या चेंडूच्या खुणा बुजवत नाही, एकाच जागेवर वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) खड्डे पाडतो. संघाला नियम घाला: प्रत्येकाने ग्रीनवर आपली एक आणि दुसऱ्याची एक खूण बुजवायची. रेंजवर एकामागे एक रेषेत मारायचं, गालिच्यासारखा चौकोन सोलायचा नाही. उन्हाळ्यात क्लबच्या लहान मुलांसाठी एक दिवसाचं शिबिर दोन्ही संघांकडून करून द्या. पुढच्या वर्षीचा करार त्यावर ठरतो.

वर्ष कसं बसवायचं

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मध्य हा शरद हंगाम, मार्चअखेर ते मे सुरुवात हा वसंत हंगाम. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन अशा ठिकाणी मैदान नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंद असतं आणि एप्रिलमध्येही पाऊस व थंडी दोन दिवस खातातच. थंड राज्यांतल्या काही परिषदा (आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांचे गट) म्हणून आपलं अजिंक्यपद शरदातच उरकतात. तुमच्या परिषदेची तारीख आधी कॅलेंडरवर टाका आणि मग मागे मागे या: त्याआधी एक आठवडा मोकळा, त्याआधी त्याच प्रकारच्या मैदानावर एक स्पर्धा, निवड फेऱ्या त्याच्याही आधी.

वसंताच्या सुट्टीत संघ दक्षिणेला जातात. साउथ कॅरोलिनातलं मर्टल बीच त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे मैदानांची रांगच आहे. सात दिवसांची सहल असेल तर पहिले दोन दिवस स्कोअर लिहू नका. चार महिने गालिच्यावरून चेंडू मारलेल्या हातांना गवताची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. गालिचा जाड फटका माफ करतो, क्लब त्यावरून घसरतो. गवत माफ करत नाही.

परीक्षांचे आठवडे लाल रंगाने भरा. प्राध्यापकांना पत्र सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जायला हवं, सगळ्या प्रवासाच्या तारखांसह, निघण्याच्या वेळेसह. पत्र कोचने लिहायचं, पण प्राध्यापकाशी समोरासमोर बोलायचं काम खेळाडूचं.

निवड फेऱ्या

पाच जण कसे निवडायचे यावरून जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढे दुसऱ्या कशावरून होत नाहीत. म्हणून पद्धत हंगामाआधी लेखी द्या. चालणारी एक पद्धत: ५४ होलच्या फेऱ्या, पहिले तीन स्कोअरवर थेट संघात, मागच्या स्पर्धेत पहिल्या दहांत आलेला चौथा आपोआप, पाचवा कोचच्या पसंतीने. मुला-मुलींसाठी पद्धत एकच.

फेऱ्या स्पर्धेच्याच टीवरून, सगळे नियम पाळून. प्रत्येक पुट होलमध्ये गेलाच पाहिजे. ‘एवढा सोडला’ असं निवड फेरीत नसतं. दोन फुटांचा सोडलेला पुट स्पर्धेत थरथरतो. मैदानं वेगवेगळी असतील तर नुसते स्कोअर लावून बघू नका. कोर्स रेटिंग आणि स्लोप (मैदान किती अवघड ते सांगणारे दोन आकडे) वापरून फरक काढा: स्कोअरमधून रेटिंग वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने भागा. ७१.२ रेटिंग, १२८ स्लोपच्या मैदानावर ७६ म्हणजे ४.२. ६९.० रेटिंग, ११८ स्लोपच्या मैदानावर ७४ म्हणजे ४.८. कागदावर दोन स्ट्रोक जास्त मारणारा खरं तर चांगला खेळला. मुलींचं रेटिंग त्याच टीसाठी वेगळं असतं. पुरुषांचं रेटिंग लावून मुलींचे आकडे काढले तर सगळंच चुकतं.

सराव

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. उरलेल्यांतले दोन दिवस मैदानावर खेळायचे, दोन दिवस दोन तासांचा नेमका सराव. त्या दोन तासांत पन्नास मिनिटं पुटिंग, चाळीस मिनिटं शंभर यार्डांच्या आतले शॉट, उरलेली तीस मिनिटं रेंज. खेळाडू हे उलट करतात, कारण ड्रायव्हर मारायला मजा येते.

पुटिंगचे आकडे सांगून ठेवा, त्याने डोकं ताळ्यावर राहतं. पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडूही आठ फुटांवरून जेमतेम निम्मे पुट घालतात. तेव्हा आठ फुटांचा चुकल्याचं दुःख करायचं नाही. तीन फुटांचा चुकला तर मात्र करायचं, आणि तीस फुटांवरून पहिला पुट सहा फूट लांब राहिला तर त्याहून जास्त. सरावाचे दोन खेळ पुरेसे आहेत. होलभोवती तीन फुटांवर बारा चेंडू गोलाकार लावा, ओळीने बाराही घाला. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग तीस, चाळीस, पन्नास फुटांवरून प्रत्येकी तीन, सगळे होलपासून एका क्लबच्या लांबीत थांबले पाहिजेत.

रेंजवर प्रत्येक शॉटला लक्ष्य आणि क्लब बदला. सात नंबरच्या लोखंडाने (लोखंडी क्लबने) ओळीने चाळीस चेंडू मारणं हा व्यायाम आहे, सराव नव्हे. आणि स्विंगची मोडतोड? हंगामात नाही. खेळाडूचा घरचा कोच असेल तर त्याच्याशी ऑगस्टमध्येच बोला. ग्रिप कोण बदलणार हे एकाने ठरवायचं.

हंगाम संपला की डिव्हिजन तीनच्या कोचला सक्तीचा सराव घेता येत नाही. डिसेंबरात ‘ऐच्छिक’ म्हणत हजेरी घेणं म्हणजे नियमभंगच. कर्णधार आपापसांत जमवून जाळीवर मारतात ते चालतं.

प्रवास: माणसं, बॅग आणि खोल्या

दोन दिवसांची स्पर्धा आणि त्याआधी सरावफेरी म्हणजे दोन मुक्काम. दोन्ही संघ, दहा खेळाडू, कोच आणि सहायक: मुलांना तीन खोल्या, मुलींना तीन, मोठ्यांच्या दोन, म्हणजे आठ खोल्या आणि सोळा खोली-रात्री. बजेटचा अर्ज करताना याच एककात मागा. ‘प्रवास खर्च’ म्हणून ठोक रक्कम मागितली की तीच आधी कापली जाते.

गाड्यांचं गणित सगळे चुकवतात. सात आसनी मिनीव्हॅनमध्ये सात माणसं बसतात खरी, पण मग मागे बॅग मावत नाहीत. तिसरी रांग दुमडली की चार माणसं, चार गोल्फ बॅग आणि सामान. बारा जणांना म्हणून तीन गाड्या. पंधरा आसनी व्हॅनचा मोह होतो. पण भरलेली असली की ती उलटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा विभागाने दिलेला आहे आणि बऱ्याच कॉलेजांनी ती बंद केली आहे. छपरावर सामान कधी बांधू नका. आणि एका दिवसात ३६ होल चाललेल्या विद्यार्थ्याच्या हाती परतीचं स्टिअरिंग द्यायचं नाही.

३६ होल म्हणजे बॅगसह सोळा ते वीस किलोमीटर. खेळाडू स्वतःच बॅग वाहतात किंवा ढकलगाडीवर नेतात. ढकलगाड्या दोन्ही संघांसाठी घ्या, खांदे वाचतात. दर तीन-चार होलला काहीतरी खायचं: केळं, शेंगदाणा लोण्याचं सँडविच. भारतीय दुकानातली चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडूही उत्तम, उन्हात वितळत नाहीत आणि बॅगेच्या कप्प्यात चुरा झाले तरी चालतात. बाराव्या होलनंतर अचानक ढासळणारे स्कोअर बहुतेक वेळा तंत्राचे नसून पोटाचे असतात.

स्पर्धेचा दिवस

यजमानांचा नियमांचा एकपानी कागद आदल्या रात्री संघासमोर वाचा. कोचला खेळाडूशी बोलता येईल का, ग्रीनवर जाता येईल का, हे त्यावर लिहिलेलं असतं. गोल्फच्या मूळ नियमांत बाहेरच्याचा सल्ला घेतला की दोन स्ट्रोकची पेनल्टी लागते. कॉलेज स्पर्धांत कोचला सल्ल्याची मुभा मिळते ती विशेष तरतूद म्हणून.

बोलता येत असेल तर कठीण पार-३ च्या (तीन फटक्यांत पुरा होणं अपेक्षित असलेल्या होलच्या) टीवर उभे राहा. तिथे वारा, क्लब आणि सुरक्षित बाजू, एवढंच सांगा. ‘खांदा उघडतोय’ हे वाक्य घरी ठेवा. मुलांच्या पहिल्या क्रमांकामागे अठरा होल फिरणारा कोच बाकी नऊ जणांना सोडून देतो. दोन्ही संघ एकाच मैदानावर असतील तर वेळ वहीत लिहून वाटा.

नियमांच्या पाच चुका वारंवार स्ट्रोक खातात, त्या तोंडपाठ करून घ्या. ‘प्रोव्हिजनल’ (पहिला हरवला असेल तर म्हणून मारलेला तात्पुरता चेंडू) हा शब्द न उच्चारता दुसरा चेंडू मारला की तोच खेळातला चेंडू होतो, पहिला सापडला तरी उपयोग नाही. चेंडू शोधायला तीनच मिनिटं. चौदाहून जास्त क्लब बॅगेत असले तर होलमागे दोन, फेरीत जास्तीत जास्त चार स्ट्रोक. रेंजवरून घेतलेला जादा वेज हे नेहमीचं कारण. अंतर मोजायचं यंत्र चालतं, पण उताराचा हिशोब सुरू ठेवून मोजलं तर पहिल्यांदा दोन स्ट्रोक, दुसऱ्यांदा बाद. आणि नियम कळत नसेल तर दोन चेंडू खेळता येतात, पण कार्ड देण्याआधी ते समितीला सांगावंच लागतं, दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखा आला तरी. न सांगितल्यास बाद.

स्कोअरकार्डवर बेरजेची जबाबदारी समितीची असते, प्रत्येक होलच्या आकड्याची खेळाडूची. एखाद्या होलवर खऱ्याहून कमी लिहून दिलं की बाद. जास्त लिहिलं तर ते तसंच राहतं. मोबाइलवर थेट स्कोअर टाकत असले तरी कार्ड ओळीने बोट ठेवून वाचायचं, घाईत सही करायची नाही.

स्वतः स्पर्धा भरवताना

बारा संघ, साठ खेळाडू, शिवाय सहा वैयक्तिक, एकूण ६६. तिघांचे बावीस गट. शॉटगन सुरुवातीत (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघतात) अठरा गट एकेका होलवर आणि उरलेले चार दुसऱ्या फळीत, लांब पार-४ किंवा पार-५ वर. पार-३ वर दोन गट कधीही ठेवू नका, पहिल्या अर्ध्या तासातच मैदान तुंबतं. पहिल्या फेरीत एक नंबर एक नंबरांबरोबर, पाच नंबर पाच नंबरांबरोबर. पुढच्या फेरीत संघांच्या स्थानानुसार.

सप्टेंबरअखेर ३६ होल एका दिवसात घ्यायचे तर सकाळी आठला भोंगा वाजलाच पाहिजे. पाच तासांची फेरी, अर्ध्या तासाचं जेवण, पुन्हा पाच तास: साडेसहा, म्हणजे सूर्यास्त. अर्धा तास धुकं पडलं की हिशोब कोलमडतो, म्हणून राखीव आराखडा (दुसरी फेरी नऊच होल, किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण) आमंत्रणातच लिहा.

होल पाडताना ग्रीनच्या कडेपासून निदान चार पावलं आत, आणि भोवतीची दोन-तीन फूट जागा जवळपास सपाट. सहा सोपी, सहा मध्यम, सहा अवघड. विजा दिसल्या तर एक लांब भोंगा, त्याच क्षणी खेळ बंद. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबून दोन छोट्या भोंग्यांनी पुन्हा सुरू. त्यासाठी बावीस गटांना मैदानातून आणायची सोय आधी लावा. सहा-सात कार्ट चालकांसह मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभ्या असाव्यात.

पुण्या-मुंबईहून कुणी येणार असेल तर

पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळल्यापासून महाराष्ट्रातले ज्युनिअर खेळाडूही परदेशी कॉलेजांकडे नजर लावून असतात, आणि छोट्या कॉलेजांना अशी पत्रं येतात. पालकांना पहिल्याच ईमेलमध्ये सांगा की डिव्हिजन तीनमध्ये गोल्फसाठी पैसे नाहीत, आणि परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत प्रत्येक कॉलेज देतंच असं नाही. स्कोअर मागताना मैदानाचं नाव, टी आणि यार्ड मागा, शिवाय एक न कापलेला व्हिडिओ: ड्रायव्हर, लोखंड, बंकर आणि दहा पुट सलग.

परदेशी खेळाडूला डिव्हिजन तीनमध्येही एनसीएएकडून हौशी असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बक्षिसाच्या रकमेचा प्रश्न तिथेच येतो, तेव्हा कुठे काय जिंकलं त्याची यादी आधी मागा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच, तेही कॉलेजातच काम करता येतं. नाव-छबीच्या जाहिरातीचे पैसे घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कागदावर सही नको. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) वेळेत निघाला नाही तर ऑगस्टचा व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस हुकतो आणि खेळाडू पहिल्या स्पर्धेला मुंबईतच असतो. एप्रिलअखेर कागद पूर्ण, हे त्याला आणि स्वतःलाही बजावा.

मे महिना

शेवटच्या स्पर्धेनंतर आठवड्याभरात सगळ्या बॅग, ढकलगाड्या, पावसाळी कपडे परत घेऊन मोजा. उन्हाळ्यात घरी गेलेली वस्तू परत येत नाही. प्रत्येक खेळाडूशी वीस मिनिटं बसा, त्याचे आकडे समोर ठेवा आणि उन्हाळ्यात कुठल्या अठरा होलच्या स्पर्धा खेळणार ते लिहून घ्या. मुलींच्या पटावर सप्टेंबरात किती जणी असतील ते मोजा. सहा किंवा कमी येत असतील, तर सुट्टीवर निघण्याआधी प्रवेश कार्यालयात एक चक्कर मारून यायची.